रेबीज ट्रेसिंग: क्रे नसलेल्या उंदरातही हिरव्या पेशी दिसताहेत

करडापदार्थ

नमस्कार. अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून आधी सगळी मांडणी देतो.

उंदराच्या बॅरल कॉर्टेक्समधल्या (मिशांचा स्पर्श हाताळणारा मेंदूचा भाग) पीव्ही न्यूरॉन्सना (पार्वाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या पेशी) थेट कोण कोण जोडलेलं आहे, हे रेबीज ट्रेसिंगने, म्हणजे जोडण्यांवरून मागे जाणाऱ्या रेबीज विषाणूने पेशी रंगवून, बघायचं आहे. पीव्ही-क्रे उंदीर (यांच्या पीव्ही पेशींत क्रे हे डीएनएचे तुकडे उलटवणारं एन्झाइम बनतं), वय दहा आठवडे. पहिल्या दिवशी दोन हेल्पर एएव्ही (पेशीत जनुकं पोहोचवणारे विषाणू) समप्रमाणात मिसळून ३०० नॅनोलिटर. एकात फ्लेक्स-टीव्हीए-एमचेरी, दुसऱ्यात फ्लेक्स-जी. फ्लेक्स म्हणजे क्रे असेल तरच चालू होणारी रचना, टीव्हीए म्हणजे रेबीजला आत घेणारं दार, एमचेरी म्हणजे लाल रंगाचं प्रथिन. हा जी म्हणजे बी१९ जातीच्या रेबीजच्या आवरणातलं ग्लायकोप्रोटीन, त्याला रंगाची खूण जोडलेली नाही. दोन्हींचा टायटर (विषाणूंची दाटी) मिलीलिटरला १० लाख कोटी जीनोम, पातळ न करता वापरले. जागा: ब्रेग्मापासून (कवटीवरचा खुणेचा बिंदू) १.३ मिमी मागे, मध्यरेषेपासून ३.३ मिमी बाजूला, मेंदूच्या पृष्ठभागापासून ०.५ मिमी खोल. २१ दिवसांनी त्याच जागी एन्व्हए आवरणाचा (हे टीव्हीएलाच अडकतं), जी-रहित सॅड बी१९ रेबीज, जीएफपी हे हिरवं प्रथिन वाहणारा, ३०० नॅनोलिटर, टायटर मिलीलिटरला ५० कोटी. त्यानंतर ७ दिवसांनी परफ्युजन (मेंदू रसायनाने पक्का करणं), ५० मायक्रॉनचे सेक्शन, एकाआड एक मोजले.

एका पीव्ही-क्रे उंदराचे आकडे: लाल आणि हिरव्या दोन्ही असलेल्या पेशी ८५. इंजेक्शनच्या आसपास नुसत्या हिरव्या १९००. थॅलॅमसच्या व्हीपीएम या भागात १२०, शेजारच्या पीओएम या भागात ६, समोरच्या गोलार्धात १४.

क्रे नसलेलं भावंड, बाकी सगळं तेच: १६० हिरव्या पेशी, सगळ्या इंजेक्शनपासून ४०० मायक्रॉनच्या आत. लाल एकही नाही. थॅलॅमसमध्ये शून्य, समोरच्या गोलार्धातही शून्य.

क्रे नाही तर टीव्हीए नाही, टीव्हीए नाही तर रेबीज आत शिरणार नाही, असं गृहीत होतं. मग या १६० आल्या कुठून? रेबीजचा साठा खराब आहे का? १९०० मधून १६० वजा करून पुढे जावं का? आणि पीओएममध्ये इतक्या कमी पेशी, म्हणजे पीओएमचे धागे पीव्ही पेशींवर येतच नाहीत असं लिहिता येईल का?

उलटटपाल

साठा खराब असण्याची शक्यता कमी. हिरव्या पेशी कुठे आहेत यावरून ते कळतं.

क्रे नसलेल्या उंदरात हिरवं दिसण्याची कारणं दोन आणि दोन्हींचा नकाशा वेगळा. पहिलं कारण म्हणजे साठ्यातली भेसळ: काही विषाणूंवर एन्व्हएऐवजी रेबीजचं स्वतःचंच जी आवरण राहून गेलेलं असतं. असल्या विषाणूला टीव्हीए लागत नाही. तो इंजेक्शनच्या जागी आलेल्या कुठल्याही ॲक्सॉनच्या टोकातून शिरतो आणि उलटटपाली पेशीच्या मुख्य भागापर्यंत जातो. त्यामुळे भेसळ असली की थॅलॅमसमध्ये, समोरच्या गोलार्धात, मोटर कॉर्टेक्समध्ये तुरळक हिरव्या पेशी सापडतात. तुमच्याकडे तिथे शून्य आहे.

दुसरं कारण टीव्हीएची गळती. हिच्या पेशी फक्त आसपास दिसतात, कारण हेल्पर एएव्हीच तेवढ्या जागेत असतो. तुमचं चित्र नेमकं हेच आहे.

गळती होते कशी? फ्लेक्सच्या रचनेत जनुक उलटं बसवलेलं असतं, क्रे आलं की ते सुलटं होतं. पण जीवाणूंमध्ये प्लाझ्मिड वाढवताना आणि एएव्ही बनवताना क्रेविनाच काही प्रतींमध्ये लॉक्स जागांची (डीएनएवरच्या, क्रे जिथे काम करतं त्या खुणा) अदलाबदल होते आणि जनुक सुलटं होऊन बसतं. शिवाय उलट्या स्थितीतूनही थोडंफार प्रतिलेखन होतं, म्हणजे जनुक वाचलं जातं. याचा छडा साल्क संस्थेतल्या एडवर्ड कॅलवे यांच्या गटाने २०१९ मध्ये लावला. उपाय म्हणून त्यांनी जनुकाचा आरंभ-कोडॉन लॉक्स कंसाच्या बाहेर ठेवला, म्हणजे जनुक उलटं असताना चुकून वाचलं गेलं तरी प्रथिन सुरूच होत नाही.

आता तुमच्या मात्रेचा हिशोब करा. मिश्रणात टीव्हीए एएव्हीचा टायटर निम्मा, म्हणजे मिलीलिटरला ५ लाख कोटी. ३०० नॅनोलिटरमध्ये १५० कोटी जीनोम. इंजेक्शन साधारण १ मिमी व्यासाच्या गोळ्यात पसरलं असं धरा: आकारमान ०.५ घन मिमी, उंदराच्या कॉर्टेक्समध्ये घन मिमीला सुमारे १ लाख न्यूरॉन, म्हणजे ५० हजार न्यूरॉन. न्यूरॉनमागे कागदावर ३० हजार जीनोम झाले! यातले फार थोडे केंद्रकापर्यंत पोहोचतात, बरेचसे ग्लियात (न्यूरॉन नसलेल्या मेंदूपेशींत) आणि कचऱ्यात जातात. तरी हजारात एक प्रत सुलटी असली तर एखाद्या न्यूरॉनला ती मिळायला कितीसा वेळ? आणि एन्व्हएला पृष्ठभागावर टीव्हीएचे मोजके रेणू पुरतात. तेवढं एमचेरी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, अँटीबॉडीने रंगवलं तरी दिसेलच असं नाही. म्हणून तुमच्या १६० पेशी हिरव्या आहेत पण लाल नाहीत.

जीचं गणित वेगळं आहे. विषाणूला पुढच्या पेशीत पाठवायला जी भरपूर लागतं, गळतीतून येणारं थेंबभर पुरत नाही. म्हणून गळतीच्या पेशी जिथल्या तिथे राहतात, तिथून पुढे रेबीज जात नाही. तुमचे व्हीपीएमचे १२० त्यामुळे सुरक्षित आहेत. शंका फक्त जवळच्या १९०० वर आहे.

वजाबाकीबद्दल. १६० म्हणजे १९०० च्या साडेआठ टक्के, आभाळ काही कोसळलेलं नाही. पण एका उंदरातली गळती दुसऱ्या उंदरातून वजा करू नका, इंजेक्शन जरा इकडेतिकडे पसरलं की हा आकडा दुपटीने बदलतो. त्यात गळती सगळीकडे सारखी नसते, मधोमध दाट असते. म्हणून एकूण आकड्यापेक्षा थरवार वाटणीत ती जास्त घोळ घालते. चौथ्या थरात इंजेक्शन दिलं असेल तर चौथ्या थराचा इनपुट उगाच फुगलेला दिसणार. क्रे नसलेल्या किमान तीन उंदरांचं अंतरानुसार वितरण काढा. ते ४०० मायक्रॉनपर्यंतच जात असेल, तर त्या वर्तुळातले आकडे निबंधात वेगळे दाखवा आणि त्यावरून निष्कर्ष काढू नका.

मुळावरचा उपाय म्हणजे टीव्हीए पातळ करणं. जी आहे तेवढाच ठेवा, कारण पुढे जाणं जीवर अवलंबून आहे. टीव्हीए एएव्ही १:१०, १:५० आणि १:२०० असे तीन करा, पातळ करायला निर्जंतुक डीपीबीएसमध्ये (क्षारांचं द्रावण) ०.००१ टक्के प्लुरॉनिक एफ-६८. ते न घातल्यास पातळ एएव्ही नळीच्या प्लास्टिकलाच चिकटतो आणि १:२०० चा प्रत्यक्षात किती झाला ते कळत नाही. प्रत्येक मात्रेला क्रे नसलेले दोन उंदीर आणि पीव्ही-क्रे दोन. गळती शून्याजवळ आली आणि स्टार्टर पेशी (टीव्हीए, जी आणि रेबीज तिन्ही असलेल्या, जिथून रेबीज पुढे जातो) अजून पुरेशा आहेत, ती मात्रा धरायची.

इयान विकरशॅम (या ट्रेसिंगच्या जनकांपैकी एक) यांच्या गटाच्या प्रसिद्ध पद्धतीत टीव्हीए १:२०० आणि जी १:२० असे पातळ केले जातात, ते आकडे इथे जसेच्या तसे उचलू नका. त्यांच्या पहिल्या एएव्हीत टीटीए (जनुक चालू करणारं प्रथिन) असतं आणि ते दुसऱ्या एएव्हीतल्या जीचं उत्पादन वाढवतं. साध्या फ्लेक्स-जीला तो आधार नाही, तो १:२० केला तर स्टार्टर पेशी हिरव्या होतील पण त्यांच्यामागून कुणी येणार नाही.

चौकस

मी या क्षेत्रातला नाही, चर्चा वाचून डोकं गरगरलं पण सोडवत नाही. एक बाळबोध प्रश्न. पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीज तो हाच का? आणि कामासाठी नेमका तोच का निवडला?

शीतकपाट

बाळबोध नाही, योग्य प्रश्न आहे.

रेबीज चावल्याच्या जागेपासून मेंदूपर्यंत न्यूरॉनच्या साखळीतूनच जातो. एका न्यूरॉनमधून निघतो तो त्याला संदेश पाठवणाऱ्या न्यूरॉनच्या टोकात शिरतो, म्हणजे संदेशाच्या उलट दिशेने. 'या पेशीला पत्र कुणी पाठवलं' हे शोधायचं तर असा उलटा चालणारा डाकिया सोयीचा. अडचण एवढीच की मूळचा रेबीज थांबत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या टप्प्यापर्यंत जात राहतो आणि मग कोण थेट जोडलेलं आणि कोण आडून, हे सांगता येत नाही. पूर्वी वेळेवरून अंदाज बांधायचे, इतके तास झाले म्हणजे दुसरा टप्पा वगैरे. पण जाड आणि बारीक जोडण्यांचा वेग सारखा नसतो, त्यामुळे ते अंदाज डळमळीतच.

तोडगा २००७ मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत एडवर्ड कॅलवे आणि इयान विकरशॅम, आणि जर्मनीतले कार्ल-क्लाउस कॉन्झेलमान. रेबीजचा जीनोम सुमारे १२ हजार अक्षरांचा, त्यात फक्त पाच जनुकं: एन, पी, एम, जी, एल. नव्या पेशीत शिरायला लागणारं आवरण जी बनवतं. ते जनुक काढून तिथे जीएफपी बसवलं. आता हा विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या प्रती काढतो, पेशी हिरवीगार करतो, पण बाहेर पडून कुणाला लागण करू शकत नाही. ज्या पेशीला आपण बाहेरून एएव्हीतर्फे जी पुरवतो तिथूनच तो एक टप्पा पुढे जातो. पुढच्या पेशीत जी नाही, तिथे त्याचा प्रवास संपतो.

उरला प्रश्न पहिल्या पेशीत शिरण्याचा. त्यासाठी आवरण बदलून पक्ष्यांच्या एका विषाणूचं एन्व्हए चढवतात. एन्व्हए ज्या कडीला अडकतं ती टीव्हीए सस्तन प्राण्यांत नसतेच, म्हणून आपण जिथे टीव्हीए बसवू तिथेच दार उघडतं. वर चर्चा चालू आहे ती या दाराची कडी नको तिथे थोडी कशी लागली त्याची.

सॅड बी१९ ही जात लसीची आहे. तिचा मूळ विषाणू १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात एका पिसाळलेल्या कुत्र्यातून घेतलेला. पुढे बी१९ युरोपात कोल्ह्यांना आमिषात घालून लस म्हणून वापरली. म्हणजे घराणं तेच, पण हा त्यातला दात काढलेला नातू समजा.

तरी हलगर्जीपणा नको. सुरक्षा पातळी दोनची प्रयोगशाळा, काम करणाऱ्यांना रेबीजची आगाऊ लस आणि अँटीबॉडी मिलीलिटरला ०.५ आययूच्या वर आहेत याची तपासणी. भारतात यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची आणि प्राणी आचारसमितीची परवानगी लागते, तो अर्ज पहिलं इंजेक्शन ठरवण्याच्या बऱ्याच आधी टाकावा लागतो. सांडलं तर रेबीजवर आवरण असल्याने ७० टक्के इथेनॉल चालतं. एएव्हीवर तसलं आवरण नाही, त्याला इथेनॉल पुरत नाही, तिथे ताजं केलेलं हायपोक्लोराइटच लागतं. दोन्ही एकाच टेबलावर वापरत असाल तर सरळ हायपोक्लोराइटने पुसा, दहा मिनिटं ओलं ठेवा आणि मग पाण्याने, नाहीतर स्टिरिओटॅक्सची (उंदराचं डोकं पक्कं धरणारं यंत्र) धातूची पट्टी वर्षभरात गंजते.

सेक्शनवाली

उलटटपाल यांचं गळतीचं निदान पटलं, पण त्यांनी ८५ हा आकडा बिनबोभाट सोडून दिला. खरी गडबड तिथे आहे.

लाल-हिरवी पेशी म्हणजे स्टार्टर, असं आपण म्हणतो. पण इथे लाल रंग टीव्हीएला जोडलेला आहे, जीला नाही. दोन एएव्ही वेगळे आहेत, म्हणजे एखाद्या पेशीला टीव्हीए मिळालं आणि जी मिळालंच नाही, असं होणारच. अशी पेशी लाल-हिरवी दिसते, पण तिच्यातून काही पुढे जात नाही. तिला स्टार्टर धरलं की स्टार्टरचा आकडा फुगतो. टीव्हीए पातळ केल्यावर हा प्रकार कमी होईल, उलटा होईल: जी भरपूर, टीव्हीए तुरळक. म्हणून वरचा सल्ला याही कारणाने बरा आहे. तरी जीविरुद्धच्या अँटीबॉडीने निदान दोन मेंदू रंगवा किंवा पुढच्या खेपेला खूण जीच्या एएव्हीवर असलेली रचना घ्या.

दुसरी चूक उलट दिशेची. रेबीज शिरला की तो पेशीचं स्वतःचं उत्पादन दाबतो. सातव्या दिवशी टीव्हीए-एमचेरी आधीच फिकट झालेलं असतं, आणि ते पेशीच्या पडद्यावर बसतं म्हणून मुळात मंदच. नुसत्या डोळ्यांनी मोजलं तर खऱ्या स्टार्टर पेशी नुसत्या हिरव्यांत गणल्या जातात. एमचेरीवर अँटीबॉडी लावल्याशिवाय मोजूच नका. त्यात जीही आणि रेबीजही असलेल्या पेशी सगळ्यात आधी मरतात. सात दिवस ठीक आहेत. दहा-बारा दिवस थांबलात तर इनपुट पेशी थोड्या वाढतील पण स्टार्टर गळून जातील, आणि इनपुट भागिले स्टार्टर हे गुणोत्तर फुगलेलं दिसेल. हा फुगवटा 'जास्त जोडण्या' म्हणून खपवलेला पाहिला की हात शिवशिवतात.

तुमचं गुणोत्तर १९०० भागिले ८५, म्हणजे सुमारे २२. मी हा आकडा दोन जातींच्या विषाणूंची किंवा दोन प्रयोगशाळांची तुलना करायला कधीही वापरणार नाही. एकाच बॅचचे विषाणू, एकाच हाताने, एकाच महिन्यात केलेले उंदीर असतील तर गटांची तुलना होते, तीही लांबच्या भागांच्या टक्केवारीवर.

आणखी एक बघा. पीव्ही-क्रे उंदरांच्या बॅरल कॉर्टेक्समध्ये पाचव्या थरातल्या काही पिरॅमिडल पेशींतही क्रे असतं. लाल-हिरव्या पेशींपैकी एखादीला वर जाणारा जाड शिखर-डेंड्राइट दिसला तर ती पीव्ही बास्केट पेशी नाही. तिच्यामुळे येणारा इनपुट पीव्हीच्या खात्यावर जमा होतो. पीव्ही अँटीबॉडी लावून किती टक्के स्टार्टर खरोखर पीव्ही आहेत ते मांडा.

पीव्ही पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एका स्टार्टरमधून निघालेला रेबीज शेजारच्या पीव्ही पेशीत गेला, तिथे जी हजरच आहे, की तिथूनही पुढे जाणार. यावरून काहीजण पद्धतच बाद ठरवतात. मला ते जास्तीचं वाटतं. ती शेजारीणही लाल-हिरवीच मोजली जाते. 'पीव्ही समूहाला कोण जोडलेलं आहे' असं विधान असेल तर ते टिकतं. 'एका पीव्ही पेशीला किती जोडण्या' असं म्हणायचं असेल तर मात्र हा प्रयोग नाही.

उलटटपाल

८५ बद्दल मान्य, तो मुद्दा सुटला होता. पातळ करण्याऐवजी टीसी६६टी हे बदललेलं टीव्हीए का नाही, असं कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच लिहितो. स्टॅनफर्डच्या लिचुन लुओ गटाने २०१३ मध्ये टीव्हीएच्या ६६ व्या जागी ग्लुटामेटऐवजी थ्रिओनिन घातलं. हे टीव्हीए एन्व्हएला कमी घट्ट धरतं, म्हणून पेशीवर ते भरपूर असेल तरच रेबीज शिरतो. गळतीचे चार रेणू मग निरुपयोगी ठरतात, आणि स्थानिक जोडण्या मोजायच्या असतील तर हीच निवड. किंमत अशी की स्टार्टर पेशी कमी होतात. पीव्ही-क्रे जोरकस आहे, चालेल. क्रे मंद असलेल्या ओळीत मात्र दहा-पंधरा स्टार्टर हाती लागून कपाळावर हात मारायची वेळ येते.

जी बदलायचं असेल तर ओजी (सुधारलेलं जी) बघा, २०१६ मधलं. पाश्चर जातीचा बाहेरचा भाग आणि बी१९चा आतला भाग जोडलेलं, बी१९च्या जीपेक्षा कितीतरी जास्त इनपुट पेशी दाखवतं. पण एकाच वेळी टीव्हीए, जी आणि मात्रा असं सगळं बदललंत तर कशाने काय झालं ते सांगता येणार नाही.

करडापदार्थ

सगळ्यांचे आभार. जीवरच्या खुणेचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आता ठरवलंय: टीव्हीए तीन मात्रांत, जी तेवढंच, एमचेरी आणि पीव्ही दोन्ही अँटीबॉडी. भेसळ तपासायला हेल्पर न देता नुसता एन्व्हए रेबीज दिलेले दोन उंदीर पुरेत का? आणि पीओएमचं कुणी बोललंच नाही.

शीतकपाट

उंदरांच्या आधी डिशमध्ये बघा, एका आठवड्याचं काम आहे. साठा साध्या २९३टी पेशींवर (डिशमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) आणि टीव्हीए असलेल्या २९३टी पेशींवर टाका, तीन दिवसांनी हिरव्या पेशी मोजा. साध्या पेशींवर जे दिसेल ती भेसळ. समजा ती मिलीलिटरला २ हजार निघाली. तुमच्या ३०० नॅनोलिटरमध्ये त्यातले ०.६ कण येतात, म्हणजे दोन उंदरांत मिळून एखादी पेशी. चालेल. १ लाख निघाली तर प्रत्येक इंजेक्शनमागे ३० कण, आणि ते लांबवर दिसणार. तुमचे समोरच्या गोलार्धातले १४ मग कोणाचे, हे कुणाला सांगता येणार नाही. असा साठा फेकून द्या, पातळ करून वापरायचा मोह टाळा. पातळ केल्याने भेसळ आणि खरा माल दोन्ही सारखेच कमी होतात.

हेल्पर न दिलेले दोन उंदीर पुरेत, पण आणखी दोन असे करा: पीव्ही-क्रे, टीव्हीए दिलेलं, जी दिलेलं नाही. यात लाल नसलेली हिरवी पेशी फक्त गळतीच्या वर्तुळात सापडायला हवी, लांब एकही नको.

साठवणीबद्दल दोन गोष्टी. रेबीज ५ मायक्रोलिटरच्या कुप्यांत उणे ८० ला, एकदा वितळला की उरलेला टाकून द्यायचा. पुन्हा गोठवलात की टायटर घसरतो आणि मग एका उंदरात ८५ स्टार्टर, दुसऱ्यात २० असले प्रकार होतात. दुसरं म्हणजे बाहेरून पार्सल सुक्या बर्फात आलं असेल तर कुप्या लगेच वितळवू नका. कार्बन डायऑक्साइड झाकणातून आत शिरतो आणि द्रावण आम्लधर्मी होतं. उणे ८० च्या कपाटात एक दिवस राहू द्या, मग उघडा.

सेक्शनवाली

पीओएमचं सांगते.

रेबीजमध्ये 'दिसलं' याला अर्थ आहे, 'नाही दिसलं' याला जवळपास नाही. प्रत्येक स्टार्टरच्या खऱ्या जोडण्यांपैकी थोड्याच हिरव्या होतात, आणि कुठल्या होतात हे सगळ्या प्रकारच्या सिनॅप्सना सारखं नसतं. ६ पेशींवरून 'पीओएम येत नाही' असं लिहिलंत तर पहिलाच परीक्षक कागद परत पाठवेल.

त्याआधी तुमच्या स्टार्टर पेशी कुठल्या थरात आहेत ते बघा. ०.५ मिमी खोली म्हणजे चौथा थर आणि त्याची खालची कड. व्हीपीएमचे धागे मुख्यतः चौथ्या थरात येतात, शिवाय पाचव्या-सहाव्या थराच्या सीमेवर. पीओएमचे पहिल्या थरात आणि पाचव्याच्या वरच्या भागात, म्हणजे ५ए मध्ये. ८५ पैकी ७० स्टार्टर चौथ्या थरात असतील तर १२० विरुद्ध ६ हा आकडा इंजेक्शनच्या खोलीचा आहे, पीव्ही पेशींच्या आवडीनिवडीचा नाही. प्रत्येक उंदराच्या स्टार्टर पेशींचा खोलीनुसार आलेख काढा आणि तो मुख्य आकृतीतच ठेवा, पुरवणीत नको. मग ०.६ ते ०.६५ मिमीला इंजेक्शन दिलेले तीन उंदीर करा. व्हीपीएम-पीओएमचं प्रमाण हललं तर उत्तर मिळालं.

इंजेक्शन देताना पिपेटचं टोक २० ते ३० मायक्रॉनचं, वेग मिनिटाला ५० नॅनोलिटरपेक्षा जास्त नको, संपल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवून मग हळूहळू वर. घाईने काढलं तर विषाणू सुईच्या वाटेने वर येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या थरातही स्टार्टर उगवतात. ३०० नॅनोलिटर एका थरासाठी जास्तच आहे, १०० वर या.

व्हीपीएम आणि पीओएम यांची सीमा नुसत्या डॅपीवर (केंद्रकं दाखवणारा रंग) आखू नका. शेजारच्या सेक्शनला सायटोक्रोम ऑक्सिडेजचा रंग द्या, व्हीपीएममधले बॅरलॉइड (एकेका मिशीसाठीचे पेशींचे गट) गडद उठतात आणि रेषा आपोआप दिसते. तुम्ही एकाआड एक मोजताय, मधले सेक्शन पडलेच आहेत, ते यासाठी वापरा. ॲलन संस्थेच्या मेंदू-नकाशावर बसवणार असाल तरी सीमेवरच्या पेशी डोळ्यांनी तपासा, संगणकाची बसवणूक १०० मायक्रॉनने सरकलेली असली की व्हीपीएमच्या दहा पेशी पीओएममध्ये जाऊन बसतात. तुमच्याकडे तिथे एकूण सहाच आहेत.

करडापदार्थ

खोलीचा आलेख आत्ता काढला. दोन उंदरांत मिळून १६१ स्टार्टर, त्यातले १३८ चौथ्या थरात, ५ए मध्ये ९. ०.६५ मिमीचे तीन उंदीर यादीत टाकले.

सेक्शनवाली

मग त्या सहाचं सध्या काहीच लिहू नका. आणि ०.६५ मोजताना शून्य कवटीवर नको, पृष्ठभागावर धरा. ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) दाबली जाऊन पृष्ठभाग १०० मायक्रॉन खाली जातो. पिपेट आत गेल्यावर दोन मिनिटं थांबून पृष्ठभाग वर आला की शून्य पुन्हा घ्या.